मालिका आणि गाण्यांच्या आधारे इटालियन शिकता येईल का?

प्रश्न (खुलताबाद)

नमस्कार. मी वेरूळजवळ राहतो आणि पर्यटकांना लेणी समजावून सांगण्याचे काम एका ज्येष्ठ मार्गदर्शकांकडे शिकत आहे. इटलीहून येणाऱ्या पाहुण्यांना शिल्प आणि चित्रकलेची चांगली जाण असते. मात्र त्यांच्यातील अनेकांना इंग्रजी फारसे येत नसल्याने कैलास लेण्यासमोर उभे राहूनही संवाद दोन-चार वाक्यांत संपतो, याची मला मनापासून खंत वाटते. इटालियन शिकण्यासाठी पुण्या-मुंबईला जाऊन राहणे घरच्या शेतीमुळे मला शक्य नाही. मोबाइलवर इटालियन मालिका पाहून आणि गाणी ऐकून ही भाषा बोलण्याइतकी येऊ शकते का? सबटायटल्स इंग्रजी ठेवावीत की इटालियन? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (लातूर)

येऊ शकते, पण एका अटीवर. पहिले काही महिने व्याकरणाचे एखादे प्राथमिक पुस्तक सोबत ठेवावे लागेल, कारण क्रियापदांची रूपे केवळ ऐकून मनात बसत नाहीत.

दूरचित्रवाणीवरून इटालियन शिकण्याची परंपरा खुद्द इटलीतच आहे. तेथील सरकारी वाहिनी ‘राई’चे नियमित प्रक्षेपण 3 जानेवारी 1954 रोजी सुरू झाले, तेव्हा असंख्य इटालियन लोक घरी आपापली बोलीच बोलत असत. 1960 ते 1968 या काळात आल्बेर्तो मान्झी हे शिक्षक ‘नॉन ए माय त्रोप्पो तार्दी’ या कार्यक्रमातून प्रौढ निरक्षरांना लिहा-वाचायला शिकवत, आणि प्रमाण इटालियन घराघरांत पोहोचवण्यात दूरचित्रवाणीचा वाटा मोठा होता.

उच्चारांच्या बाबतीत आपण मराठी माणसे भाग्यवान आहोत. इटालियन ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांना जीभ लावून उच्चारले जातात. इंग्रजीच्या सवयीने तेथे ‘ट’ आणि ‘ड’ आणू नयेत. चिमणीतला ‘च’ आणि चमच्यातला ‘च’ आपण वेगळे म्हणतो, आणि हे दोन्ही उच्चार इटालियनमध्ये आहेत: रात्रीचे जेवण म्हणजे ‘चेना’ यात चिमणीतला, तर ‘ग्रात्सिए’मध्ये चमच्यातला. जोडाक्षरांकडे मात्र कान द्यावा. ‘पाला’ म्हणजे फावडे आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. ‘रस्सा’ म्हणताना आपण जसे क्षणभर थांबतो, तसे तेथेही थांबावे लागते.

सबटायटल्स इटालियनच ठेवावीत. इंग्रजी ओळी समोर असल्या की डोळे वाचत राहतात आणि कान झोपी जातात. दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडावा, आधी अक्षरांविना ऐकावा, नंतर अक्षरांसह पाहावा आणि शेवटी पात्रासोबत मोठ्याने म्हणावा. रोज नवा भाग पाहण्यापेक्षा हे अधिक उपयोगी आहे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण काय पाहावे हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 2014 साली सुरू झालेली ‘गोमोरा’ ही मालिका जगभर गाजली, मात्र तिच्यातील संवाद बहुतांशी नेपल्सच्या बोलीत आहेत आणि इटलीतही ती इटालियन सबटायटल्ससह दाखवली गेली. 1999 पासूनची ‘इन्स्पेक्टर मोंताल्बानो’ त्या मानाने सोपी आहे, पण तिच्यातही सिसिलीची छटा आहे आणि कातारेल्ला नावाचा पोलीस मुद्दाम मोडकेतोडके बोलतो. नवशिक्याने या दोन्ही मालिका नंतरसाठी ठेवाव्यात.

आपल्या कामासाठी आल्बेर्तो आन्जेला यांचे इतिहास आणि पुरातत्त्वावरचे माहितीपट, विशेषतः 2000 साली सुरू झालेली ‘उलिस्से’ ही मालिका, सर्वांत योग्य ठरेल, कारण ते सावकाश आणि स्वच्छ प्रमाण भाषेत बोलतात. ‘रायप्ले’ या राईच्या ऑनलाइन सेवेवरील बरेच कार्यक्रम इटलीबाहेर उघडत नाहीत, हे मात्र ध्यानात असू द्यावे, भारतातून जे उघडते तेच वापरावे.

या माहितीपटांतून जी शब्दसंपदा मिळते ती कौटुंबिक मालिकांत मिळणार नाही. अजिंठ्याची चित्रे पाहून इटालियन पाहुणे सहज ‘आफ्रेस्को’ म्हणतात. ती ओल्या गिलाव्यावर नव्हे तर कोरड्या गिलाव्यावर, म्हणजे ‘आ सेक्को’ पद्धतीने रंगवलेली आहेत, हे त्यांच्याच भाषेत सांगता आले की पुढची चर्चा आपोआप खुलते. निजाम सरकारने 1920 च्या दशकाच्या आरंभी लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी बोलावले होते. त्यांनी लावलेले लाखेचे व्हार्निश पुढे काळवंडले, आणि ते काढण्याचे काम नंतर भारतीय पुरातत्त्व विभागाला करावे लागले. हा विषय निघणारच, तेव्हा जतन, गिलावा, रंगद्रव्य यांचे शब्द आधीच तयार ठेवावेत.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. गाण्यांविषयी कोणी सांगू शकेल का? मला काही गाणी अर्थ न कळताही पाठ झाली आहेत.

उत्तर (नांदेड)

गाण्याने लय आणि स्वर पक्के होतात, पण चालीच्या गरजेपोटी शब्द तोडले जातात आणि आघातही सरकतो, त्यामुळे बोलण्याचा नमुना म्हणून गाणे वापरू नये. शिवाय प्रत्येक गाणे प्रमाण इटालियनमध्ये असतेच असे नाही: 1898 चे ‘ओ सोले मिओ’ नेपल्सच्या भाषेत आहे, आणि फाब्रित्सिओ दे आन्द्रे यांचा 1984 चा एक प्रसिद्ध संग्रह जेनोव्हाच्या बोलीत आहे. सुरुवातीला आद्रिआनो चेलेन्तानो यांचे 1968 चे ‘आझ्झुर्रो’ घ्यावे, कारण त्याची भाषा साधी असून शब्द स्पष्ट ऐकू येतात.

पाठ असलेल्या गाण्यांतून भूतकाळाची वाक्ये वेचून पाहावीत. पुरुष ‘सोनो आन्दातो’ म्हणतो आणि स्त्री ‘सोनो आन्दाता’ म्हणते, अगदी आपल्या ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’प्रमाणे. ‘लो विस्तो’ म्हणजे मी तो पाहिला आणि ‘लो विस्ता’ म्हणजे मी ती पाहिली. येथेही रूप कर्मानुसार बदलते, जे इंग्रजीतून शिकणाऱ्याला अवघड जाते आणि आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. म्हणून व्याकरणाचे टिपण इंग्रजीत न करता थेट मराठीत करावे. पुढे प्रमाणपत्राची गरज भासल्यास सिएना येथील परदेशीयांसाठीच्या विद्यापीठाची ‘चिल्स’ आणि पेरुजाची ‘चेली’ या परीक्षा आहेत. चौकशी मुंबईच्या इटालियन सांस्कृतिक केंद्रात करता येईल.