विषय: रि: रि: एकांकिका सिटीच्या चॅनलवर, अर्जंट

मंडळी, आपल्या मंडळाची एकांकिका सिटीच्या केबल चॅनलसाठी शूट करून द्याल का विचारलं होतं, स्टुडिओने नाही म्हणून कळवलंय. कॅमेरे आहेत, लाइट्स आहेत, पण चालवायला माणूस नाही, होते ते दोघे सोडून गेले म्हणे. कोणाची सिटी हॉलमध्ये ओळख असेल तर मंगळवारी कौन्सिलसमोर बोला ना प्लीज, केबल कंपनीला लायसन्स देतानाच सिटीने अट घालायला नको का? तालमी सुरू झाल्यात.
– मेघना

---

मेघना, कौन्सिलसमोर बोलून काय होणार, कॅलिफोर्नियात सिटी लायसन्स देतच नाही. २००६ चा डिव्का हा केबल-व्हिडिओचा राज्य कायदा आल्यापासून फ्रँचाइज, म्हणजे केबल टीव्ही पुरवायचा परवाना, राज्याचं पब्लिक युटिलिटीज कमिशन देतं. फोन कंपन्यांना टीव्हीत उतरायचं होतं आणि गावोगाव वाटाघाटी नको होत्या, म्हणून झालं ते. आधी गावं करारातच स्टुडिओ, माणसं, ट्रेनिंग सगळं मागून घ्यायची. ते संपलं, आणि २००८ सरता सरता लॉस एंजेलिसमधले केबल कंपनीचे पब्लिक ॲक्सेस स्टुडिओ, म्हणजे सामान्य लोकांना कार्यक्रम करायला दिलेले, बंद झाले. आता सिटीला मिळते कंपनीच्या केबल टीव्हीच्या उत्पन्नावर ५ टक्के फ्रँचाइज फी, आणि ठराव केला असेल तर वर साधारण १ टक्का या चॅनलांसाठी. पण फेडरल कायद्याने तो १ टक्का भांडवली खर्चालाच, म्हणजे कॅमेरे, एडिटिंगची मशिनं वगैरे. पगार त्यातून काढता येत नाही. म्हणून कॅमेरे नवे कोरे आणि माणूस गायब!
– सुहासकाका

---

काका, मग ५ टक्क्यांतून द्या की पगार.
– पराग

---

पराग, ते पैसे जनरल फंडात जातात, त्यातून पोलीस, रस्ते, बागा. चॅनलवर खर्च करायची सक्ती नाही. आणि तो १ टक्का सोडला तर ५ च्या वर मागता येत नाही, १९८४ च्या फेडरल केबल ॲक्टनेच मर्यादा घातलीय. शिवाय ही फी फक्त टीव्हीच्या बिलावर, इंटरनेटच्या नाही. आपल्यातल्या किती जणांकडे केबल उरलीय सांगा, माझ्याकडे तर नाही.
– सुहासकाका

---

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये होतो तिथे अजून गावच करार करतं, सुनावणीला कोणीही जाऊन बोलू शकतं. मी बोलले होते, चांगलं ऐकून घेतलं. इथे सगळं वरून.
– शुभदा

---

शुभदाताई, तिकडेही वरून आहेच की. २०१९ मध्ये एफसीसीने, म्हणजे फेडरल दळणवळण आयोगाने, ठरवलं की कंपनी करारापोटी गावाला ज्या फुकट सेवा देते त्यांची किंमतसुद्धा त्याच ५ टक्क्यांत धरायची. गावं कोर्टात गेली, २०२१ मध्ये सहाव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने किंमत धरा म्हटलं, फक्त बाजारभावाने नाही, कंपनीला जेवढा खर्च पडतो तेवढीच. म्हणजे गावाने काही मागितलं की फी कमी.
– सुहासकाका

---

डोंबिवलीत आमचा केबलवाला पोस्टात नोंदणी करायचा आणि झालं, १९९५ चा कायदा तेवढंच मागायचा. गणपतीत वाड्यातली आरती लोकल चॅनलवर फुकट दाखवायचा. फ्रँचाइज फी म्हणजे मोदक 😀
– पराग

---

एक मिनिट. नाट्य समितीने परस्पर स्टुडिओला मेल का केली? मीडिया माझ्याकडे आहे, जनरल बॉडीत ठरलंय. मागच्या दिवाळीचं रेकॉर्डिंग आठवत असेल सगळ्यांना.
– नितीन

---

नितीन, तुला आधी दोनदा विचारलं होतं. असो. स्टुडिओत सर्टिफिकेट क्लास असतो, तो केला की कॅमेरा मेंबरला फुकट मिळतो. आपणच शूट करून फाइल दिली तर त्यांच्या माणसाची गरजच नाही. आणि केबल कंपनीला कार्यक्रमाच्या मजकुरात ढवळाढवळ करता येत नाही, तेव्हा मराठीतच चालेल, सबटायटल्स आपल्या मर्जीने. क्लास शनिवारी सकाळी आहे. कोण जातंय?
– मेघना

---

मी जातो, पण मग हवालदाराचा रोल दुसऱ्या कोणाला तरी द्या.
– पराग