वजन म्हणजे कॅरेक्टर सर्टिफिकेट नव्हे

'जाड माणूस म्हणजे जिभेवर ताबा नाही, म्हणजे स्वभावातच खोट' हे लॉजिक काही पटलं नाही बुवा. 1994 मध्ये लेप्टिन सापडलं, चरबीच्या पेशींतूनच निघणारं हॉर्मोन, मेंदूला सांगतं की बास, साठा भरपूर आहे. काही मोजक्या मुलांच्या शरीरात ते जन्मतःच बनत नाही आणि ती पोरं कितीही खाल्लं तरी भुकेलीच, सारखं खायला मागत राहणार, पण लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली की तीच पोरं पोट भरलं म्हणून ताटात टाकून उठतात. मग काय, सुईतून संस्कार गेले का आत? केस दुर्मिळ आहे हे मान्य, पण भूक सगळ्यांना सारखीच लागते हे गृहीतक तिथेच आडवं होतं ना.

त्यात स्टेरॉइड्स, इन्सुलिन, काही मानसिक आजारांवरची औषधं यांनीही वजन वाढतं. आणि खटपट करून उतरवलं तरी शरीर उलट कमी कॅलरी जाळायला लागतं, वर भूक वाढवतं.

डायबिटीस, गुडघे वगैरे धोके खरेच आहेत, ते कोण नाकारतंय. पण ओळखीतल्या एक काकू खोकला दाखवायला गेल्या तर डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावायच्या आधी वजनावर लेक्चर दिलं, आता त्या बीपी तपासायलाही जात नाहीत. आणि दिवसभर अरबटचरबट खाऊनही काटकुळे राहणारे असतात, त्यांच्या नीतिमत्तेबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, ते कसं काय?