अँकर कुठे शिवलाय ते विचारा

मणक्यातल्या स्टिम्युलेटरची (दुखणं कमी करायला मज्जारज्जूजवळ सौम्य वीज सोडणाऱ्या यंत्राची) तार सरकू नये म्हणून महिनाभर पडून राहावं, असं इथे कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. चालायचं असतंच. पहिले सहा-आठ आठवडे वाकणं, कंबरेत पिळणं, हात डोक्यावर नेणं, वजन उचलणं मात्र बंद. तोवर तारेभोवती व्रणाची ऊती धरते. खरं काम ऑपरेशनच्या टेबलावर होतं: अँकर (तार जागेवर धरून ठेवणारा छोटा तुकडा) चरबीत नव्हे, घट्ट फॅशियाला (स्नायूंवरच्या चिवट पडद्याला) शिवलेला हवा, आणि बॅटरीकडे जाताना तारेला सैल वेटोळं हवं, म्हणजे ओढ टोकापर्यंत पोचत नाही. (मान सतत हलते, तिथे तर हे फारच जपावं लागतं.) स्टिम्युलेटरमुळे जाणवणाऱ्या मुंग्या अचानक भलतीकडेच येऊ लागल्या तर आधी एक्स-रे काढा. तार थोडीच सरकली असेल तर बऱ्याचदा प्रोग्रॅमिंग बदलून भागतं.