मदत हवी आहे: घरात गिटार वाजवायला छोटा ट्यूब अँप (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर) कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. ४ वर्षं झाली इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय, आतापर्यंत एका साध्या १० वॅटच्या सॉलिड स्टेट (म्हणजे ट्रान्झिस्टरवाल्या) अँपवर भागवलं, पण गेल्या महिन्यात मित्राकडे जुना ५ वॅटचा ट्यूब अँप वाजवला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाहीये. जोरात स्ट्रोक मारला की आवाज मस्त फाटतो, आणि नुसता गिटारचा व्हॉल्यूम नॉब थोडा मागे घेतला की तोच आवाज एकदम स्वच्छ, पेडल वगैरे काही नाही!

अडचण अशी की आमची भिंत शेजारच्या काकूंच्या देवघराला लागून आहे, आणि ५ वॅट म्हणजे कागदावर कमी वाटतात पण पूर्ण उघडला तर बंद खोलीत ढोलकीएवढा दणका बसतो. म्हणून मार्शल डीएसएल१ बघतोय, १ वॅटचा आहे आणि ०.१ वॅटवर पण आणता येतो. दुसरा बुगेरा व्ही५, त्यालाही ५, १ आणि ०.१ वॅटचा स्विच आहे, पण स्पीकर फक्त ८ इंची. कोणी घरात वाजवलाय का हे? ०.१ वर आवाज पातळ होतो का?

अजून एक, अमेरिकेतला मामेभाऊ दिवाळीत येतोय, तो आणतो म्हणतो, पण तिकडचा १२० व्होल्टचा येणार, मग स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर (आपल्या २३० चे १२० व्होल्ट करणारा) लावून रोज वाजवणं बरं की इथेच २३० वाला घेऊ? बजेट २५-३० हजार, सेकंडहँड पण चालेल. प्लीज सांगा.