चर्चा: रिझर्व्ह बँकेला सरकारपासून अंतर हवं की नको?

नाणेघाट

२०१८-१९ या वर्षासाठी रिझर्व्ह बँकेने केंद्र सरकारला १,७६,०५१ कोटी रुपये दिले, तेव्हा टपरीपासून संसदेपर्यंत वाद पेटला होता. २०२४-२५ साठी २,६८,५९० कोटी दिले, तेव्हा माझ्या ओळखीत कुणी अवाक्षर काढलं नाही. ही सवय मला धोक्याची वाटते, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं, की रुपया सांभाळणारा आणि रुपया खर्च करणारा यांच्यात अंतर हवं आणि ते कायद्यात लिहिलेलं हवं. आज ते गव्हर्नर किती ताठ उभा राहतो यावर ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याचं कलम ७ सांगतं, की गव्हर्नरशी सल्लामसलत करून, सार्वजनिक हितासाठी सरकार बँकेला निर्देश देऊ शकतं. गव्हर्नरला काढायचं तर कारण देण्याची सक्तीही कायद्यात नाही.

हे दुखणं जन्मापासूनचं आहे. बँक १ एप्रिल १९३५ ला कोलकात्यात सुरू झाली. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांचं व्हाइसरॉयच्या सरकारातले अर्थ सदस्य जेम्स ग्रिग यांच्याशी व्याजदर आणि विनिमय दरावरून बिनसलं आणि त्यांना मुदतीआधीच जावं लागलं. त्यांची सही एकाही नोटेवर नाही.

मग महायुद्ध आलं. ब्रिटिश सरकार इथून धान्य, कापड, ताग, चामडं उचलायचं आणि त्याचा मोबदला लंडनमध्ये स्टर्लिंगमध्ये जमा व्हायचा. स्टर्लिंग रोखे नोटांना तारण म्हणून चालत होते. तिकडे खात्यावर आकडा चढला, की इकडे तेवढ्या नोटा छापायच्या. माल देशाबाहेर किंवा फौजेकडे, आणि बाजारात नुसत्या नोटा. युद्ध संपेपर्यंत चलनातल्या नोटा पाच-सहा पटींनी वाढल्या होत्या. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची कारणं अनेक आहेत, पण मजुरी होती तिथेच आणि तांदूळ हाताबाहेर, हे या छपाईशिवाय समजत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले. एवढा कर्तबगार माणूस खुर्चीवर होता, तरी नोटा किती छापायच्या हे लंडनची गरज ठरवत होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं असं वाटत असेल, तर १९५७ पाहा. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी हुंडीवरचं, म्हणजे व्यापारी उधारीच्या कागदावरचं, मुद्रांक शुल्क असं वाढवलं, की रिझर्व्ह बँकेचा व्याजदर तिलाच बाजूला ठेवून वाढल्यासारखा झाला. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी हरकत घेतली. अर्थमंत्र्यांच्या लेखी रिझर्व्ह बँक म्हणजे अर्थखात्याचाच एक विभाग होता. पंतप्रधान नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली आणि रामा राव यांनी राजीनामा दिला. पक्ष कुठलाही असो, हे असंच चालत आलंय.

रोखठोक

इतिहास चांगला मांडलात, निष्कर्ष अजिबात पटला नाही.

खिशातली पाचशेची नोट काढा. ‘मैं धारक को पाँच सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ’ आणि खाली गव्हर्नरची सही, हे आपण सगळे वाचतो. त्याच नोटेवर ‘केन्द्रीय सरकार द्वारा प्रत्याभूत’ असंही छापलेलं असतं. वचन गव्हर्नर देतो, पण ते बुडालं तर भरायचं कुणी? सरकारने, म्हणजे तुम्ही-आम्ही. मग शेवटचा शब्द सरकारचा असला तर बिघडलं कुठे?

आणि १९३५ चं सांगताना तुम्ही महत्त्वाचं तेच गाळलंत. ‘राजकारणापासून मुक्त’ रिझर्व्ह बँक ही ब्रिटिशांनी घातलेली अट होती. केंद्रातली आर्थिक सत्ता भारतीय मंत्र्यांकडे द्यायचा विषय निघाला, तेव्हा त्याआधी अशी बँक उभी राहिली पाहिजे असं लंडनने ठरवलं. उद्देश स्पष्ट होता. इथल्या लोकांनी निवडून दिलेल्यांचा हात तिजोरीला लागू नये. भागधारकांची बँक काढली आणि तिला स्वायत्त म्हटलं. १ जानेवारी १९४९ ला आपण तिचं राष्ट्रीयीकरण केलं ते उगाच नाही. गव्हर्नर कुठून निवडून येतो? त्याने दर वाढवले आणि कारखान्यातली भरती थांबली, तर मतदार कुणाची कॉलर धरणार?

नाणेघाट

@रोखठोक, अटीचा मुद्दा बिनतोड आहे. पण त्यातून निघतं ते माझ्याच बाजूचं. ती बँक इथल्या लोकांपासून लांब होती, सत्तेपासून नाही. सत्ता लंडनमध्ये होती आणि युद्धात बँक तिच्या मुठीत गेली. मी म्हणतोय ते अंतर सत्तेपासूनचं, मग ती दिल्लीची का असेना.

कॉलर धरण्याबद्दल: १९५५ मध्ये एक व्यवस्था झाली. सरकारची रोख शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली, की ॲड हॉक ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारच्या तात्पुरत्या उधारीचे रोखे, निघायची आणि रिझर्व्ह बँक ती घेऊन पैसे पुरवायची. ठरलं होतं तात्पुरतं, चाललं चार दशकं. अंदाजपत्रकात तूट आली की छपाई ठरलेली. कर लावायचा तर विधेयक लागतं, चर्चा होते, मतदान होतं. नोटा छापून आलेली महागाई हाही करच आहे आणि तो भाजीच्या पिशवीतून वसूल होतो. त्यासाठी मतदाराने कधी कुणाची कॉलर धरली?

रोखठोक

ती बिलं बंद कुणी केली? सप्टेंबर १९९४ मध्ये अर्थमंत्री मनमोहन सिंग आणि गव्हर्नर रंगराजन यांच्या काळात करार झाला आणि एप्रिल १९९७ पासून प्रकार थांबला. महागाईचं लक्ष्य ठरवण्याची चौकट २०१६ मध्ये कायद्यात आणली ती संसदेनेच, आणि चार टक्क्यांचं लक्ष्य त्यातूनच आलं. स्वतःला बांधून घेण्याचं शहाणपण निवडून आलेल्यांकडेही असतं. तुम्ही त्यांना कायम उधळे धरून चालता, तिथेच आपलं पटत नाही.

पासबुक

थोडं अवांतर, पण इथे सांगायलाच हवं. ‘रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली’ असे फलक दर १४ एप्रिलला फिरतात आणि त्यात त्यांचा खरा मुद्दा हरवतो. रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये त्यांनी प्रबंध लिहिला होता. मध्यवर्ती बँकेची शिफारस करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. चलन किती काढायचं हे राज्यकर्त्याच्या मर्जीवर सोडू नका, त्याला पक्की मर्यादा घाला, असा त्यांचा आग्रह होता. रुपयाची किंमत घसरली की पहिला मार मजुरीवर जगणाऱ्याला बसतो, हे त्यांना दिसत होतं. या धाग्यात त्यांचं नाव घ्यायचं तर त्या आग्रहासाठी घ्यावं. मी नाणेघाट यांच्या बाजूने.

कांदाचाळ

तुमची स्वायत्तता आणि तुमचं चार टक्क्यांचं लक्ष्य आम्हाला केवढ्याला पडतं, ते ऐका.

२०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या महागाई निर्देशांकात अन्नपदार्थ आणि पेयांचं वजन जवळजवळ ४६ टक्के. म्हणजे कांदा, टोमॅटो, तूरडाळ वर गेली की लक्ष्य चुकतं. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वाढवून कांदा स्वस्त होतो का? पाऊस अवेळी पडला, चाळीतला माल सडला, त्यात व्याजदर काय करणार? मग सरकार दुसरं हत्यार काढतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी, तीही लाल कांदा बाजारात यायला लागला तेव्हा. मे २०२४ पर्यंत ती होती. लासलगाव-पिंपळगावला भाव कोसळले, लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाला. शहरात कर्जाचे हप्ते भरणाऱ्याला महागाई आटोक्यात हवी, त्याचं बिल नाशिक जिल्ह्याने भरलं.

२०१६ चंही सांगतो. नोटाबंदीनंतर १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. गावातल्या माणसाचं खातं जिल्हा बँकेत, सोसायटीचं कर्ज तिच्यामार्फत, रब्बीची पेरणी तोंडावर. ते परिपत्रक तुमच्या रिझर्व्ह बँकेचंच होतं. असल्या संस्थेला आणखी मोकळीक द्या म्हणता?

नाणेघाट

@कांदाचाळ, निर्यातबंदी सरकारची, बँकेची नाही. पण लक्ष्यात अन्नाचं वजन इतकं ठेवलं की सरकारला हे निमित्त मिळतं, हे मान्य. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीतही अन्नपदार्थ वगळून लक्ष्य ठेवावं का, हा विचार मांडला होता. मी त्या बाजूचा आहे.

नोटाबंदीचं उदाहरण मात्र माझ्या म्हणण्याचा सगळ्यात मोठा पुरावा. कलम २६(२) प्रमाणे नोटा रद्द करायच्या तर शिफारस बँकेच्या केंद्रीय मंडळाने करायची. घडलं काय? सरकारचं पत्र ७ नोव्हेंबरला गेलं. मंडळाची बैठक ८ तारखेला संध्याकाळी साडेपाचला दिल्लीत बसली आणि आठ वाजता घोषणा झाली. २ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी निर्णय वैध ठरवला, पण न्या. नागरत्ना यांनी वेगळ्या निकालपत्रात लिहिलं, की इथे बँकेने स्वतंत्रपणे विचार केल्याचं दिसत नाही. जिल्हा बँकांचं काय होईल, हा प्रश्न विचारायला वेळ असलेली बँक तुम्हाला हवी होती की नाही?

हिशेबनीस

बँक सरकारला देते त्या पैशाबद्दल, म्हणजे लाभांशाबद्दल, दोन ओळी, कारण सुरुवात तिथून झाली. हा पैसा म्हणजे सरकारने फोडलेली गुल्लक नव्हे. परकीय रोख्यांवरचं आणि सरकारी रोख्यांवरचं व्याज, डॉलर विकून झालेला नफा, यातून तो येतो. बिमल जालान समितीने २०१९ मध्ये नियम घातला, की ताळेबंदाच्या ५.५ ते ६.५ टक्के रक्कम आकस्मिक जोखमीसाठी बाजूला काढायची, उरेल ते द्यायचं. सोन्याची आणि डॉलरची किंमत वाढल्यामुळे कागदावर दिसणारा नफा वाटायचा नाही. २०२५ मध्ये तो पट्टा ४.५ ते ७.५ केला आणि त्या वर्षी बँकेने वरची मर्यादा, म्हणजे ७.५ टक्के ठेवली. म्हणजे जास्त राखून मग दिलेत.

नाणेघाट

@हिशेबनीस, नियम आहे हे चांगलंच, पण तो कायद्यात नाही. पट्टा रुंद झाला, आता तळ ४.५ आहे. निवडणुकीच्या वर्षी तळाशी जायचं की वर राहायचं हे कोण सांगणार? डिसेंबर २०१८ मध्ये गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी राजीनामा दिला, तो गंगाजळीवरून महिनोन्‌महिने ताणाताणी चालल्यानंतर. कारण त्यांनी वैयक्तिक सांगितलं, पण पुढच्याच ऑगस्टमध्ये १,७६,०५१ कोटी निघाले.

रोखठोक

मग मोकळीक मागताना हिशेबही द्यायला सांगा. जानेवारी ते सप्टेंबर २०२२, सलग तीन तिमाही महागाई लक्ष्याच्या वरच्या मर्यादेच्या, म्हणजे ६ टक्क्यांच्या वर राहिली. कायद्याप्रमाणे बँकेला सरकारकडे पत्राने खुलासा द्यावा लागला. तो तेव्हा ना बँकेने लोकांसमोर ठेवला, ना सरकारने. ज्यांचे गृहकर्जाचे हप्ते त्या वर्षी वाढले, त्यांना तो वाचायचा हक्क नाही का? आधी हे पत्र उघड करा, मग स्वायत्ततेचं बोलू.

नाणेघाट

‘आधी-मग’ नको, एकाच दुरुस्तीत दोन्ही आणा. खुलासा संसदेच्या पटलावर ठेवणं सक्तीचं करा. कलम ७ चा निर्देश लेखी आणि त्याच आठवड्यात जाहीर. गव्हर्नरला काढायचं तर कारण लिहून द्या. व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीवरचे तीन बाहेरचे सदस्य वेळेवर नेमा; २०२० मध्ये सरकारने ते नेमले नव्हते म्हणून सप्टेंबरची बैठक ऑक्टोबरवर ढकलावी लागली होती.

कांदाचाळ

त्या तिघांपैकी एक जागा शेतमालाच्या बाजारातल्या माणसाला द्या, एवढं त्या यादीत घाला. मग माझी सही घ्या.

रोखठोक

पत्र उघड करण्याला आणि कांदाचाळ यांच्या जागेला माझा पाठिंबा. कलम ७ चा निर्देश त्याच आठवड्यात जाहीर करण्याला नाही. रुपया कोसळत असताना सरकारने बँकेला काय सांगितलं, हे बाजाराला आठवड्यात कळलं तर सट्टेवाल्यांचं फावेल. सहा महिन्यांनी जाहीर करा, तेवढं चालेल.