मदत हवी आहे: मराठीत शब्दांची जागा बदलली की अर्थ बदलतो का? (उद्या सकाळी द्यायचंय!)

फोंडेकर_पोर
सगळीकडे लिहिलंय की मराठीत विभक्ती आहे, त्यामुळे शब्द कुठेही ठेवले तरी चालतात. मीपण तेच लिहिलं. बाईंनी काट मारून 'तुझंच उदाहरण पलटून बघ' एवढंच लिहिलंय. पलटलं तर अर्थ खरंच बदलतोय. का? लवकर सांगा प्लीज.

पेडण्याची_शालू
उदाहरण कुठलं? आणि मराठीच्या तासाला पोर्तुगीज-इंग्रजीशी तुलना आहे की नुसतंच व्याकरण?

डिचोलीकर
बाईच चुकल्या. संस्कृतात 'रामः फलं खादति' हवं तसं फिरव, राम फळच खाणार. मराठी तिचीच मुलगी.

जुना_मास्तर
मुलीला आईचे सगळे दागिने मिळत नाहीत. आधी वाक्य टाक रे बाबा.

फोंडेकर_पोर
कॉलेजात पोर्तुगीज घेतलंय, त्याचा गृहपाठ. मातृभाषेशी तुलना करायचीय. वाक्य साधंच आहे हो: 'साप उंदीर खातो'.

मडगावचो_बाब
पासपोर्टासाठी शिकतोस काय मरे? एक लक्षात ठेव, पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंस की भारताचं जातं, दोन्ही ठेवता येत नाहीत. माझ्या भाच्याने सगळे कागद जमवले आणि मग त्याला हे कळलं.

फोंडेकर_पोर
पासपोर्टाचं कोणी विचारलंय?

जुना_मास्तर
वाक्यच अर्धवट आहे. 'साप उंदराला खातो' लिही, भानगड मिटली.

पेडण्याची_शालू
मास्तर, 'उंदराला' चालतं, पण बंधनकारक नाही. माणूस कर्म असला तर 'ला' हटकून लागतो, निर्जीव वस्तूला सहसा लागत नाही, आणि जनावरं मधेच लटकतात. इथे 'साप' आणि 'उंदीर' दोघंही प्रत्ययाशिवाय आहेत, आणि दोघंही पुल्लिंगी, एकवचनी. त्यामुळे 'खातो' कोणाचं हे क्रियापदावरूनही कळत नाही. मग क्रम हाच आधार उरतो. 'उंदीर साप खातो' म्हटलं की पहिला ऐकणारा दचकणारच.
आता 'मांजर उंदीर खातं' घे. पलटून 'उंदीर मांजर खातं' केलंस तरी 'खातं' नपुंसकलिंगी, म्हणजे खाणारं मांजरच. ऐकायला विचित्र, पण अर्थ टिकतो.
आणि भूतकाळात जा: 'सापाने उंदीर खाल्ला', 'उंदीर सापाने खाल्ला'. 'ने' कर्त्याला चिकटला, क्रियापदाचं रूप कर्मावरून ठरलं, मग फिरव कितीही. बाईंना बहुधा हेच हवं असणार: खुणा कमी पडल्या की क्रम घट्ट होतो.

काणकोणची_वहिनी
कोकणीत तर मांजराचीपण सोय नाही. 'माजर हुंदीर खाता', 'हुंदीर माजर खाता'. तृतीयपुरुषी 'खाता'त लिंग दिसतच नाही, म्हणून तिथे क्रम जास्त सांभाळावा लागतो, नाहीतर 'हुंदराक' म्हणायचं. उलट भूतकाळात कोकणी चोख आहे: 'हांव'चं 'हांवें' होतं, मराठीत 'मी'चा 'मी'च राहतो.

डिचोलीकर
कोकणी मराठीचीच बोली, वेगळं काय त्यात.

काणकोणची_वहिनी
सुरू झालात! गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्याच्या आधीपासूनचा वाद या पोराच्या गृहपाठात नको.

पेडण्याची_शालू
पोर्तुगीजची बाजू राहिली. लॅटिनमध्ये नामाला विभक्ती होती, पोर्तुगीजमध्ये ती गळली, सर्वनामांत थोडी उरली. म्हणून 'ओ गातो कोमे ओ रातो' (मांजर उंदीर खातं) पलटलं की उंदीर मांजराला खातो. शेजारच्या स्पॅनिशमध्ये माणूस कर्म असला की त्याच्या आधी 'आ' लावतात, म्हणजे आपल्या 'ला'सारखंच. पण क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो, म्हणून पोर्तुगीजमध्ये 'मी', 'तू' गाळता येतात: 'फालू' म्हटलं की 'मी बोलतो' झालं.

फोंडेकर_पोर
एक अडतंय. 'मी उंदीर मारला' यात 'मी'ला 'ने' नाही. मग 'उंदीर मी मारला' करूनही अर्थ कसा तोच?

जुना_मास्तर
कर्म झाला असता तर 'मला' झाला नसता का? 'मी' नुसता दिसला म्हणजे मारणारा तूच. जुन्या मराठीत इथे 'म्यां' होतं, तेही बाईंना सांग.

फोंडेकर_पोर
'म्यां' नको, त्यावर आणखी प्रश्न विचारतील. मांजराचं वाक्य टाकतो.

मडगावचो_बाब
पासपोर्टाचं काय ठरलं मग?