मदत हवी आहे: मोपा (गोवा) ते दिल्ली विमानाला प्रत्यक्षात किती वेळ धरावा?

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन फोंड्याहून मथुरेला जायचंय. मोपाहून दुपारी 12 चं थेट विमान, दिल्लीला पोचण्याची वेळ 2:40. पुढची गाडी हजरत निजामुद्दीनहून 5:30 ला. विमानाचं तिकीट झालंय, रेल्वेचं अजून काढलेलं नाही.

नकाशावर सरळ रेषेत मोजलं तर मोपा ते दिल्ली साधारण 1,460 किमी भरतं (गोव्याच्याच दाबोळी विमानतळाहून 1,500 च्या आसपास). ताशी 800 किमी धरले तर दोन तासांच्या आत पोचायला हवं, पण वेळापत्रकात 2 तास 40 मिनिटं आहेत. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं, वळसे हे सगळं त्यात येतं, एवढं कळलं. पण दिल्लीवर घिरट्या घालाव्या लागल्या तर त्याचा वेळही यातच धरलेला असतो का, हे विमान कंपनीला फोन करूनही समजलं नाही.

आईचे गुडघे दुखतात, व्हीलचेअर सांगितली आहे. दोन बॅगा चेक-इनला देणार, म्हणजे पट्ट्यावर थांबणं आलंच. विमान टर्मिनल 3 ला उतरतं. मेट्रो आईला झेपणार नाही, टॅक्सीच करणार. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करणं शक्य नाही. रात्रीची गाडी मिळते, पण थंडीत आईला फलाटावर बसवून ठेवायचं मनात येत नाही.

जानेवारीत दुपारच्या विमानाने गोव्याहून दिल्लीला गेलेल्यांनी कृपया सांगावं: धुक्यामुळे दुपारीही उशीर होतो का, साधारण किती? आणि 5:30 ची गाडी धरावी की रात्रीचीच?